पडझडीच्या कपाटाला काच नको

सन्माननीय अध्यक्ष महोदय, आदरणीय मुख्याध्यापिका बाई, व्यासपीठावरचे पाहुणे, माझे सहकारी, कामधंदा बाजूला ठेवून आलेले पालक, समोर मांडी घालून बसलेली आणि एकमेकांना कोपरानं ढोसणारी आमची मुलं, आणि आज निवृत्त होणाऱ्या, जिथे बसवलंय तिथे अवघडून बसलेल्या आमच्या विज्ञानाच्या बाई,

आपणा सर्वांना माझा नमस्कार. मी भाषेचा शिक्षक. मला बोलायला उभं केलं की मी लवकर खाली बसत नाही, हे मुख्याध्यापिका बाईंना चांगलं माहीत आहे. तरी त्यांनी धोका पत्करला, याबद्दल आधी त्यांचे आभार मानतो.

मुलं बाईंना काय म्हणतात, हे आजच्या दिवशी सांगावं की नाही? बाई मान हलवताहेत, म्हणजे सांगावं. पुठ्ठेबाई! पालकांना हे नाव केव्हापासूनच ठाऊक आहे. घरात नवे बूट आले की बूट राहतात कोपऱ्यात आणि खोका आधी शाळेत पोहोचतो. एका वडिलांनी तर मला फाटकापाशी गाठून विचारलं होतं, "सर, आमच्या घरातली एकही बाटली हल्ली झाकणासकट सापडत नाही. तुमच्याकडे काय चाललंय काय?" मी म्हटलं, काळजी करू नका, तुमच्या झाकणांची चाकं झाली आहेत. फुग्यातल्या हवेच्या जोरावर त्यांची गाडी आमच्या व्हरांड्यातून धावते, आणि बहुतेक वेळा माझ्या पायावर येऊन थांबते.

बाईंचा आणि माझा वर्ग शेजारी शेजारी. मध्ये प्लायवूडची पडदी, तीही छतापर्यंत न पोहोचलेली. त्यामुळे मी विज्ञान शिकलो ते सगळं कानानं. एकदा मी इकडे श्रुतलेखन सांगत होतो, "शांत सरोवराच्या काठी एक पांढरा बगळा..." आणि पलीकडून आरोळी आली, "बुडालीऽऽ!" माझ्या वर्गानं पेन्सिली खाली ठेवल्या. बगळा राहिला काठावर, आणि सगळे मला विचारू लागले, "सर, काय बुडालं?"

मी तावातावानं पलीकडे गेलो. बघतो तर पाण्याचं घमेलं, त्याभोवती अर्धा वर्ग, आणि चंदेरी कागदाच्या नावा. प्रत्येक नावेत गोट्या टाकत जायच्या, बुडेपर्यंत. मी म्हटलं, "बाई, हा आवाज!" त्या शांतपणे म्हणाल्या, "खरंय सर, आवाज होतो. पण बुडाली तरच ओरडतात हो ती. तरंगते तोवर श्वास रोखून बसतात." आणि माझ्या हातात चंदेरी कागदाचा तुकडा दिला. "एक तुम्ही करून बघा."

मी केली. दोन्हीकडे टोकदार, निमुळती, अगदी चित्रातल्यासारखी. पहिल्याच मूठभर गोट्यांनी तिनं तळ गाठला. शेजारी दुसरीतल्या एका पोराची नाव होती, साबणाच्या डबीसारखी चौकोनी आणि बेढब. ती गोट्या पोटात घेऊन निवांत उभी होती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. त्या पोरानं माझ्याकडे इतक्या मायेनं पाहिलं आणि म्हणाला, "असू द्या सर. कपाटात ठेवू या."

मंडळी, हे कपाट म्हणजे पडझडीचं कपाट. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. बाईंच्या खोलीत खिडकीखाली एक दारं नसलेलं कपाट आहे. मोडलेला पूल, कलंडलेला मनोरा, न पेटलेला दिवा, यातलं काहीही त्या खोलीत कचऱ्यात जात नाही. ते कपाटात जातं. आणि दर वर्षी वरच्या वर्गातली मुलं खालच्या वर्गातल्या मुलांना कपाटापाशी नेतात आणि आपली मोडकी वस्तू हातात धरून सांगतात, "हे मी केलं होतं. हे असं पडलं. मला वाटतं, या कारणानं पडलं." नवी मुलं तिथून पुढे सुरुवात करतात. माझी नाव अजून तिथेच आहे. पोरं तिची ओळख करून देतात, "सरांनी नाव सुंदर केली, पण तळ अरुंद ठेवला." माझ्याबद्दल इतकं नेमकं आजवर कोणी बोललेलं नाही.

आता गेल्या वर्षीची गोष्ट. आपल्या संस्थेचे अध्यक्ष शाळा पाहायला येणार, असा निरोप आला. सगळ्या शाळेची धावपळ. आमचे चित्रकलेचे सर, ते पाहा, तिसऱ्या रांगेत, आत्ताच मान खाली घातली त्यांनी. माणूस म्हणजे सोनं. त्यांना वाटलं, पाहुणे येणार आणि बाईंच्या कपाटात सगळी मोडतोड? बाईंची शोभा होईल! म्हणून शाळा सुटल्यावर त्यांनी एकट्यानं बसून, स्वतःचा डिंक वापरून, कपाटातला एकेक पूल जोडला. मनोरे सरळ केले. रंगसुद्धा दिला. कुणाला पत्ता नाही.

सकाळी मुलं आली आणि एका मुलीनं हंबरडा फोडला. समोर पहिल्या रांगेत बसली आहे ती, दोन वेण्यांची. तेव्हा तिसरीत होती. "माझा पूल कुणी जोडला? आता तो का पडला ते मी कसं सांगू?"

नेमके त्याच वेळी अध्यक्ष महोदय, आपण दारात होतात. आठवतं ना? चित्रकलेच्या सरांचा चेहरा उतरलेला. आमच्या बाईंनी मात्र कुणालाही बोल लावला नाही. मुलीचे डोळे पुसले आणि म्हणाल्या, "जोडलाय ना? मग पुन्हा पाडू या. बघू, जोडलेल्या जागी पडतो की दुसरीकडे." आणि आपल्याकडे वळून, "साहेब, तुमच्या खिशात काही जड आहे का?"

आपण किल्ल्यांचा जुडगा काढून दिलात, बाईंनी तो पुलावर ठेवला. पूल मोडला तो डिंकाच्या शेजारी, जोडलेली जागा शाबूत! मग आपण स्वतः खाली बसलात, चांगल्या कपड्यांत, जमिनीवर, आणि आणखी एक पूल मागितलात. तुमची पुढची बैठक ताटकळत राहिली. परत जाताना किल्ल्या आमच्याकडेच विसरलात.

हे मी आजच का सांगतोय? सांगतो. मघाशी आपल्या भाषणात आपण एक घोषणा केलीत. बाईंच्या सन्मानार्थ त्यांच्या खोलीत प्रदर्शन कक्ष उभारायचा. काचेची कपाटं, कुलपं, आत तयार, चकचकीत नमुने. बटण दाबलं की दिवा लागेल, चाक फिरेल. जुनं कपाट काढून टाकायचं. सभागृहानं टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, कारण शेजारचे वाजवत होते. पण मी बाईंकडे पाहत होतो. बाई हसल्या आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. देणगीला नाही म्हणणं त्यांच्या स्वभावात नाही. आयुष्यभराचं काम डोळ्यांदेखत काढून घेतलं जात असताना त्या आभार मानत होत्या. मला ते बघवलं नाही, म्हणून हातातलं लिहून आणलेलं भाषण खिशात घातलं.

अध्यक्ष महोदय, लहान तोंडी मोठा घास घेतो. चित्रकलेच्या सरांनी ज्या प्रेमानं पूल जोडले, त्याच प्रेमानं आपण काच लावताय. आपल्या मनात दुसरं काही नाही, हे मला ठाऊक आहे. पण काचेमागच्या वस्तूनं कुठलं मूल रडणार? कुठलं ओरडणार? बटण दाबून दिवा लागला म्हणून कोण कुणाच्या गळ्यात पडणार? आम्ही मोठी माणसं तर...

अरे! अरे, सांभाळा!

काही नाही, काही नाही, बसा सगळे. मागच्यांना दिसलं नसेल म्हणून सांगतो. मुलांनी व्यासपीठावर दोन स्टुलांवर कागदाचा पूल करून त्यावर बाईंचं स्मृतिचिन्ह ठेवलं होतं, तो पूल आत्ता कोसळला. स्मृतिचिन्ह लाकडी आहे, त्याला काही झालेलं नाही. मोठी माणसं दचकली आणि मुलांनी मात्र टाळ्या पिटल्या, हे आपण सगळ्यांनी पाहिलंत.

बाई, तुम्ही उठू नका, आज तुमचा सत्कार आहे. बरं, उठा. तुम्ही काय ऐकणार!

आता वर काय चाललंय तेही सांगतो. दोन वेण्या व्यासपीठावर आल्या आहेत. अध्यक्ष महोदय खुर्चीतून वाकून... नाही, ते खालीच बसले आहेत. ते विचारताहेत, "का पडला गं?" ती म्हणते, "हात लावून बघा. मधल्या घड्या उघडल्यात. इथे कागद ओला आहे, म्हणून मऊ पडला." ओला कशानं? दुपारी कुणीतरी पुलावर कागदी फुलं चिकटवली होती. भरपूर डिंक लावून. चित्रकलेचे सर, तुम्ही पुन्हा मान खाली घालू नका, तुमच्यामुळे आज माझं भाषण रंगलं.

अध्यक्ष महोदय काहीतरी म्हणताहेत. त्यांच्याजवळ माईक नाही, मी मोठ्यानं सांगतो, म्हणजे साक्षीदार होतील. ते म्हणाले, "कपाट राहू दे. काच नको." आणि... काय म्हणालात? "त्या पैशात आणखी दोन घमेली आणि हवा तेवढा चंदेरी कागद."

आता वाजवा टाळ्या! या वेळी मी शेजारच्यांकडे बघत नाही.

बाई, तुमचे डोळे भरलेत, ते मला इथून दिसतंय. माझेही भरलेत, चष्म्यामुळे दिसत नाहीत एवढंच. उद्यापासून पलीकडून "बुडाली" ऐकू येणार नाही या कल्पनेनं मला गेले काही दिवस चुकल्यासारखं होत होतं. तुमचा तास कोण घेणार, असं मुख्याध्यापिका बाईंनी विचारलं तेव्हा सगळे आपापली वेळापत्रकं चाळू लागले. मग मी हात वर केला. मला त्यातलं फारसं काही येत नाही, हे मुलांनाही माहीत आहे. माझा पहिला पूल पडणारच. कपाटात माझ्या नावेशेजारी थोडी जागा ठेवून जा, आणि मधूनमधून पाहायला या.

आपण सर्वांनी शांतपणे, म्हणजे बऱ्यापैकी शांतपणे, ऐकून घेतलंत. अध्यक्षांनी भर सभेत माझा आगाऊपणा पोटात घातला. सर्वांचा मनापासून ऋणी आहे. शेवटी, बोलण्यात काही चुकलं असेल तर क्षमा असावी, असं म्हणून खाली बसण्याची रीत आहे. पण बाईंच्या शेजारी इतकी वर्षं काढल्यावर मला तसं म्हणवत नाही. तेव्हा माझं काही चुकलं असेल, तर क्षमा करू नका. मला कपाटापाशी न्या, आणि विचारा, "सर, का चुकलं?"

नमस्कार.