वन्सं जिथे थांबायच्या

मी मूळची देवरूखची. वडिलांचं किराणा मालाचं दुकान, आणि दुकानामागच्या खोलीत बाजाची पेटी. देवळात भजनाला ते साथ करायचे आणि मला शेजारी बसवून घ्यायचे. लग्न होऊन रत्नागिरीत आले तेव्हा पहिल्याच संध्याकाळी नणंदेनं विचारलं, स्वयंपाकाचं नंतर बघू गो सुमे, तू पेटी वाजवतेस हे खरं ना? ही माझी नणंद म्हणजे मालूताई. शाळेत शिक्षिका होत्या, लग्न केलं नव्हतं, आणि आमच्या संगीत नाटक मंडळात नायिकेच्या भूमिका करायच्या. सगळे त्यांना ताई म्हणत. मी मात्र वन्सं म्हणायचे, शेवटपर्यंत.

ऑर्गन मी मंडळातच शिकले. पायांनी हवा भरायची, हातांनी वाजवायचं, आणि डोळे मात्र गाणाऱ्याच्या तोंडावर. पुढे मीही शाळेत लागले, मराठी शिकवायचे. शाळेतून घरी, घरून तालमीला. सुरुवातीला मी फार घाई करायचे. वन्सं भर तालमीत म्हणायच्या, अगो, तुझा ऑर्गन माझ्यापुढे धावतोय, शाळा सुटल्याची घंटा झाली काय? सगळे हसायचे. मग हळूहळू मागे राहायला शिकले.

मंडळ दर वर्षी एक नाटक करतं. वन्संचा एक हट्ट होता, दर नाटकात एक नवा गळा हवाच, आणि तो दासीच्या भूमिकेत नाही, मोठ्या भूमिकेत. त्यासाठी रविवारी आमच्या पडवीत शिकवणी चालायची. चिपळूणहून पोरं यायची, लांज्याहून यायची. प्रणाली आली ती हर्णैची. वडील बोटीवर, आई सुकी मासळी विकते, पोरगी कॉलेजसाठी इथे राहिलेली. वन्संनी विचारलं, शिकलीस कुठे गाणं? ती म्हणाली, शिकले नाही, पण संध्याकाळी बंदरावर लिलावाच्या गलक्यात आईला हाक मारायची तर आवाज पोचावा लागतो. मग तिनं एक अभंग म्हटला. वन्सं माझ्याकडे बघून म्हणाल्या, हिचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत नाही, बाहेर उभ्या रिक्षावाल्यापर्यंत जाईल.

आता ते पद सांगते, म्हणजे पुढचं कळेल. आमच्या एका नाटकात तिसऱ्या अंकात राजा गेल्याची बातमी येते आणि राणी गाते. त्यात एक लांब ओळ आहे, एका श्वासात म्हणायची. तरुणपणी वन्सं ती तशीच म्हणायच्या. पुढे त्यांना दम्यानं धरलं, आणि एका प्रयोगात त्या ओळीच्या मध्येच अडकल्या. मी स्वर धरून ठेवला, तबल्यावर विसूभाऊ होते त्यांनी ठेका थांबवला, वन्संनी श्वास घेतला आणि ओळ पुरी केली. काय सांगू तुम्हाला, लोकांना वाटलं राणीला हुंदका आला. बायकांनी डोळ्यांना पदर लावले, वन्समोअर मिळाला. त्यानंतर ती जागा ठरूनच गेली. तिथे वन्सं थांबायच्या, आम्ही थांबायचो, सगळं नाट्यगृह थांबायचं. घरी आल्यावर पंप ओढून त्या मला म्हणायच्या, सुमे, माझ्या दम्याला टाळ्या पडतात गो.

यंदा राणी प्रणालीनं करायची असं त्यांनीच ठरवलं. तिला बजावून सांगितलं, तू तिथे थांबायचं नाहीस हं, ती माझी अडचण होती, तुला कसली अडचण? आणि दिवाळी झाल्यावर वन्सं गेल्या. रुग्णालयात नेलं, पण श्वास पुरला नाही. मी जवळच होते.

मंडळाचे मुकुंदराव म्हणाले, प्रयोग करायचाच, ताईंच्या आठवणीसाठी करायचा. तालमी पुन्हा सुरू झाल्या. प्रणालीनं ते पद घेतलं, ओळ आली, आणि माझा हात थांबला. स्वर धरून बसला. माझं बघून विसूभाऊही थांबले, आणि ती पोर एकटीच पुढे गेली, मग गोंधळून गप्प झाली. मी म्हटलं, माझं चुकलं, परत घेऊ. परत तेच. घरात वन्संची खोली मी आवरली होती, लुगडी देऊन टाकली होती, ताट त्यांचं चुकूनही मांडत नव्हते, पण हातांना कोणी सांगितलंच नव्हतं बघा.

दुसऱ्या दिवशी प्रणाली आपणहूनच तिथे थांबली. खांदे वर गेले, तोंड उघडलं, हुंदका दिला आणि पुढे गायली. मुकुंदराव खूश. हीच ती जागा, म्हणाले, ताई डोळ्यांसमोर उभ्या राहिल्या. माझ्याही राहिल्या, पण त्या रुग्णालयातल्या. चांगल्या छातीची पोर दमा गात होती. मी ऑर्गनवरून उठले, म्हटलं, मुकुंदराव, तो हुंदका नव्हता, दमा होता. ते म्हणाले, सुमनवहिनी, मला काय ठाऊक नाही? पण लोक तेवढ्यासाठी येतात. विसूभाऊ तबल्यामागून म्हणाले, मग दारात तिकिटाबरोबर पंपही द्या. कोणी हसलं, कोणी हसलं नाही.

मी प्रणालीला बाजूला घेतलं. विचारलं, तुला कसं गायचंय? ती म्हणाली, काकू, मला न थांबता जमतं, पण तुमचा हात थांबला की वाटतं, मी ताईंना मागे टाकून चाललेय.

मी रात्रभर विचार केला आणि सकाळी चिपळूणच्या निनादला फोन केला. तरुण मुलगा, ऑर्गनवर हात चांगला, आणि वन्संची साथ त्यानं कधी केली नव्हती. म्हणूनच बोलावला. मुकुंदराव म्हणाले, वहिनी, आयत्या वेळी कसला हा हट्ट? मी म्हटलं, वन्संचाच आहे. निनादला सगळी पदं बसवून दिली. त्या ओळीबद्दल एवढंच सांगितलं, तिच्या मागे राहा.

प्रयोगाला मी प्रेक्षकांत बसले, आयुष्यात पहिल्यांदा. शेजारी प्रणालीची आई, हर्णैहून एसटीनं आलेली. सारखी विचारायची, आता येईल काय हो आमची? तिसरा अंक आला. पद सुरू झालं आणि खुर्चीखाली माझे पाय हलायला लागले, हवा भरत होते. ती जागा आली तसे थांबले. गाणं थांबलं नाही. ते सरळ पुढे गेलं, माझ्यावरून गेलं म्हणा ना. लोक क्षणभर बावरलेच, रुमाल हातातच राहिले. वन्समोअर नाही मिळाला. टाळ्या पडल्या, पण उशिरा, पद संपून राणी वळली तेव्हा, आणि मग बराच वेळ पडत राहिल्या. तिची आई माझ्या कानाशी म्हणाली, केवढा दम धरला हो पोरीनं.

आता प्रयोगांना निनादच बसतो. रविवारी पडवीत शिकवणी चालू आहे, नव्यांना सूर मी देते, तेवढं जमतं. गावात कोणी भेटलं की म्हणतं, पोरगी गाते छान, पण ताईंची ती जागा नाही राहिली. खरंच आहे, नाही राहिली. वन्संची माणसांच्या ध्यानात राहिलेली खूण ती एकच होती आणि ती मी पुसू दिली. वाईट वाटतं, खोटं कशाला सांगू? पण पोर आता आपल्या श्वासानं गाते. तिला कधी दम लागू नये, देवाकडे एवढंच मागते. आणि लागलाच कधी, तर तिच्यासाठी थांबणारं कोणी शेजारी असो.