खात्यात दिसलेले पैसे

अगं, तुला खरं वाटणार नाही. खांदा कॉलनीतल्या माझ्या पोळीभाजी केंद्राचं खातं आम्हा दोघांच्या नावावर आहे. गेल्या महिन्यात मोबाईलवर पाहिलं, तर त्यात एक लाख नव्वद हजार! मला वाटलं, ह्यांनीच गुपचूप भरले. मी खुशीत कणीक मळायचं मोठं मशीन घेतलं.

आठ दिवसांनी बँकेतून फोन आला. "मॅडम, तुम्ही ओव्हरड्राफ्ट वापरलात. व्याज चालू झालंय."

"ते काय असतं?"

"खात्यात पैसे नसताना बँक जे काढू देते, ते."

"नव्हते, तर मला दिसले कसे?"

"त्यात तुमचे फक्त दहा हजार होते. बाकी बँकेचे. खातं उघडताना तुम्ही दोघांनी सह्या केल्यात, मॅडम."

घरी येऊन ह्यांना सांगितलं, तर हे म्हणाले,

"तू मशीन घेतलंस, तेव्हा मला वाटलं तुझा धंदा जोरात चाललाय."

"वाटू दे. खात्यातल्या उरलेल्या पैशांना हात नाही ना लावलात?"

"आज सकाळीच स्कूटर घेतली," हे म्हणाले. "तुझ्यासाठी."