सोडा म्हटलं की सुटतं

...आणि वर मलाच म्हणतात, "सोडा हो, खेळच तर होता!" खेळ? अहो, डोळ्यांदेखत माझं पीठ झालं, पायातले बूट सुद्धा उरले नाहीत, आणि म्हणे खेळ! आणि एक विनंती आहे, तो शब्द माझ्यासमोर काढू नका. कुठला काय? तोच. सोडा. बघा, स्वतःच म्हटला तरी अजून अंग चोरतो मी. हसताय तुम्ही, हसा. ज्याचं जळतं त्याला कळतं.

तुम्हाला सांगतो, मी लिफ्टवाला. म्हणजे लिफ्ट दुरुस्त करतो. सगळं आयुष्य वर-खाली, वर-खाली, तिरकं म्हणून कधी गेलोच नाही. आणि दिवसभर काय, तर लोक अडकलेले! आतून बुक्क्या मारतात, लाथा घालतात, "काढता की नाही आम्हाला? गुदमरून मरू का?" आणि आपण बाहेरून मधात बुडवलेला आवाज काढायचा, "घाबरू नका हं ताई, हे काय, काढलंच!" इकडे स्क्रूड्रायव्हर हरवलेला असतो, पण तोंडात "काढलंच!" असं दिवसभर गोड बोलून घरी आलेल्या माणसाला कुणाला तरी ठार मारावंसं वाटणार की नाही? तुम्हीच सांगा! लोक घरी येऊन ताटं आपटतात. मी सभ्य माणूस. मी आतल्या खोलीत जायचो, दार लावायचो आणि बॉम्ब टाकायचो.

कॉम्प्युटरवर हो! लढाऊ विमानांचा खेळ. आता या खेळात दोन प्रकारचे लोक असतात. एक, जे मिळालेलं विमान गपगुमान उडवतात, आमचा मेहुणा त्यातला, बायकोचा भाऊ, दातांचा डॉक्टर आहे. आणि दुसरे आम्ही. आम्ही विमानाचं पोट फाडतो. विमानाची एक फाईल असते बघा, त्यात नुसती अक्षरं आणि आकडे, वजन किती, इंजिनाला जोर किती, पंखाखाली काय टांगलंय. ती उघडायची आणि आकडा बदलायचा. झालं! मला सांगा, ज्या माणसाला लिफ्टची एक दोरी बदलायला साहेबाच्या साहेबाची सही लागते, त्याच्या हातात अशी फाईल पडल्यावर काय होणार?

जहाजावरचं क्षेपणास्त्र काढलं, पंखाखाली टांगलं. विमान धावपट्टीवर तिथल्या तिथे मोडलं. मधोमध! पायलट पुढच्या अर्ध्यात, पेट्रोल मागच्या अर्ध्यात, आणि दोन्ही पेटलेले. मग क्षेपणास्त्राचं वजन केलं शून्य. आता उडालं! मग तोफ. तोफेचा वेग वाढवला, वाढवला, वाढवला... आणि हवेत चाप ओढला तर गोळ्यांच्या धक्क्यानं विमान थांबलं, विचार केला आणि मागे जायला लागलं! उलटं! मागून येणाऱ्या माझ्याच साथीदाराच्या नाकात माझं शेपूट! दोघं मिळून डोंगरात. मग धक्का शून्य केला. आणि शेवटी सगळ्यात भारी काम केलं. ही क्षेपणास्त्रं आधी खात्री करून घेतात, समोरचा आपला की परका? म्हटलं, युद्धात कसल्या चौकशा? काढून टाकलं ते. जो सगळ्यात जवळ दिसेल त्याला हाणायचं. आहे काय नि नाही काय!

पण झालं असं, की इतकी शस्त्रं लटकवली, इतकी लटकवली, की कीबोर्डवरची बटणं संपली. हसू नका, खरंच संपली! म्हणून मग आवाजाची सोय केली. टेबलावर माईक, त्यात आपण बोलायचं आणि विमानानं ऐकायचं. आधी इंग्रजीत शिकवलं, तर मी "फायर" म्हणायचो आणि ते चाकं बाहेर काढायचं. माझ्या इंग्रजीनं माझी तीन विमानं खाल्ली. म्हटलं, मरू दे, आपलं विमान, आपली भाषा. "हाण" म्हटलं की तोफ. "सोड" म्हटलं की क्षेपणास्त्रं, सगळीच्या सगळी, एकदम. बाण सोडतात ना, तसं. आणि विमान पेटलं तर खुर्चीसकट बाहेर उडायचं असतं, त्याला शब्द ठेवला "उठलो". का? कारण मला वाटलं, हा शब्द चुकून तोंडातून जाणं शक्यच नाही. त्या खुर्चीतून मी उठतो कुठे!

आता इथे आमची ही येते. ही शिवणकाम करते. पडदे, अभ्रे, गणवेश, डोंगर असतो नुसता. आणि करते कुठे, तर जेवणाच्या टेबलावर. म्हणजे जेवायची वेळ झाली की मशीन उचल, कापड गुंडाळ, टाचण्या वेच, टेबल पूस. जेवून झालं की परत मांड. एकदा माझ्या घासात टाचणी आली. हिरडीत घुसली! रक्ताची चूळ भरली मी. ती म्हणाली, "मला आतली खोली द्या म्हणजे हे होणार नाही." मी म्हटलं, "बघू." तिला एका मोठ्या हॉटेलचे पडदे मिळत होते, सगळ्या मजल्यांचे. जेवणाच्या टेबलावर ते काही मावणार नव्हते. खोली नाही, तर पडदे नाहीत. ती म्हणाली, "खोली द्या." मी म्हटलं, "बघू." आणि मी बघत होतो, अगदी मनापासून बघत होतो, फक्त दुर्बिणीतून, शत्रूकडे.

मग तो दिवस. आमची अख्खी तुकडी धावपट्टीवर एका ओळीत उभी, देशोदेशीचे खेळाडू, आणि सगळ्यात मागे मी, क्षेपणास्त्रांनी मढलेला. आता उडणार, एवढ्यात दार उघडलं आणि ही आत, हातात कात्री, "किती हाका मारायच्या? सोडा ते आता!"

सुटलं!

अहो, सगळं सुटलं! जो जवळ दिसेल त्याला! पहिल्या फटक्यात शेजारचा गेला, तो पेटला म्हणून दुसरा पेटला, मग पेट्रोलची टाकी, मग मनोरा, मनोऱ्यातला माणूस खिडकीतून बाहेर आला, पण एकसंध नाही आला! स्पीकरमधून सगळ्या भाषांत शिव्या. एकही भाषा कळली नाही, पण शिव्या सगळ्या कळल्या. आणि ही स्क्रीनकडे बघतेय, कात्री तशीच हातात. म्हणाली, "हे... मी केलं?" मी म्हटलं, "तूच केलंस!" तर म्हणते, "अगबाई!" आणि तुम्हाला सांगतो, त्या "अगबाई"त घाबरणं नव्हतं हो. आवडलं होतं तिला!

मग जरा जवळ येऊन विचारते, "आणखी काय काय ऐकतं हो ते?" लग्नाला इतकी वर्षं झाली, माझ्या कामाबद्दल तिनं कधी एवढ्या प्रेमानं विचारलं नव्हतं. मी विरघळलो. सगळं सांगितलं. हाण म्हणजे हे, सोड म्हणजे ते, आणि उठलो म्हणजे बाहेर. "उठलो?" ती म्हणाली. "हो, उठलो." हसली. मला वाटलं, कौतुकानं हसली. आम्हा पुरुषांचं हेच चुकतं.

दुसऱ्या दिवशी जाहीर केलं तिनं, "खोलीचा निकाल लढाईत लावू. माझ्या बाजूनं दादा उडेल. तुम्ही जिंकलात तर खोलीचं नाव काढणार नाही, पडद्यांना नाही म्हणून कळवते. हरलात तर खोली माझी." मी म्हटलं, "दादा? तो साधं विमान उडवणारा?" "हो, साधंच. तुम्ही तुमच्याला काय हवं ते लावा. माझं एकच म्हणणं आहे, दार उघडं ठेवायचं. हवा खेळती राहते." हवा! मी म्हटलं, ठेव, खिडकीपण उघड!

रविवार, भर दुपार. मेहुणा लॅपटॉप घेऊन बाहेर जेवणाच्या टेबलावर, कापडाच्या ढिगात जागा करून बसला. मी आत. मध्ये उघडं दार. आता हा मेहुणा, तुम्हाला सांगतो, याच्यासारखा क्रूर माणूस नाही. लोक समोर आ करून किंचाळत असतात आणि हा हसतो! लढताना सुद्धा तसाच. पहिल्याच वळणावर माझ्या पंखाला भोक पाडलं आणि बाहेरून शांतपणे म्हणतो, "भावजी, जरासं टोचेल हं." पुढच्या फेरीत माझं शेपूट अर्धं उडवलं, "झालं झालं, हलू नका." मी म्हटलं, थांब, तुझी बत्तीशीच उपटतो! "हाण!" म्हटलं. तोफ काय ओकली हो! ढगाला भगदाड पडलं! त्याचं एक इंजिन फुटलं, काच तडकली, पंखातून काळा धूर, विमान असं लटपटतंय, तो खाली खाली चाललाय आणि मी मागून चाललोय. मेला! हा आता मेला! त्याच्या पायलटचं डोकं दिसतंय मला, एवढंसं. असा चेव आला होता मला! फक्त थोडं जवळ जायचं होतं, म्हणजे सगळ्यात जवळचा तोच. मग एक शब्द. एकच शब्द म्हणायचा होता मला. श्वास घेतला. तोंड उघडलं...

आणि बाहेरून आवाज आला, इतका गोड, इतका गोड, की लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यात सुद्धा ऐकला नव्हता, "अहो, पानं वाढलीयत. उठताय ना?"

आणि मी म्हणालो, "हो गं, हे काय, उठलोच!"

तुम्हाला सांगतो, मी म्हणालो नाही हो! माझं तोंड म्हणालं! ते रोजच म्हणतं. सकाळी म्हणतं, संध्याकाळी म्हणतं, सुट्टीच्या दिवशी तासातासाला म्हणतं. मला माहीतच नव्हतं. तिला माहीत होतं! माणसाला स्वतःचं घोरणं ऐकू येत नाही ना, तसंच स्वतःचं खोटंही येत नाही.

धडाड! डोक्यावरची काच उडाली, खुर्ची उडाली, खुर्चीवर मी. विमान आपलं रिकामंच पुढे चाललंय, शहाण्यासारखं. मी हवाई छत्रीला लोंबकळतोय. म्हटलं, ठीक आहे, हरकत नाही, विमान गेलं, जीव तर आहे. तेवढ्यात ही दारात आली. हात पुसत. स्क्रीनकडे पाहिलं. आणि अगदी मायेनं म्हणाली, "हरलात ना? जाऊ दे. सोडा आता."

सुटलं!

रिकाम्या विमानातून सगळी क्षेपणास्त्रं सुटली. आणि सगळ्यात जवळ कोण? मेहुणा तर धूर काढत लांब गेलेला. आजूबाजूला चिटपाखरू नाही. मी! ती सगळी गर्रकन मागे वळली, मीच शिकवलं होतं त्यांना वळायला, मीच वजन शून्य केलं होतं, मीच सांगितलं होतं आपला-परका विचारू नका! जहाजं बुडवणारी क्षेपणास्त्रं हो! एका माणसासाठी! छत्रीला लोंबकळणाऱ्या एका लिफ्टवाल्यासाठी! पहिल्यानंच माझं पीठ झालं, तरी मागची थांबेनात, एकामागून एक येऊन त्या पिठात फुटत होती. छत्रीची दोरी सुद्धा उरली नाही. खाली समुद्रात नुसतं हेल्मेट पडलं. टुबुक.

बाहेरून मेहुणा म्हणाला, "झालं भावजी. चूळ भरा."

मी भांडलो हो! म्हटलं, ही फसवणूक आहे, जेवायला बोलावणं हे शस्त्र होऊ शकत नाही! तर ही म्हणते, "मी कुठे काय केलं? जेवायलाच तर बोलावलं. नुसतं म्हणण्याऐवजी तुम्ही खरंच उठला असतात तर?" मी खरंच उठलो. कॉम्प्युटर उचलला.

आता तो पॅसेजमध्ये आहे, चपलांच्या कपाटावर. उभ्यानं उडवतो मी. जाता-येता कुणी चप्पल काढायला वाकलं की माझं विमान समुद्रात. माईक काढून टाकलाय, तो आवाजाचा सगळा उद्योगच काढून टाकलाय. आतल्या खोलीत मशीन चालतंय, हॉटेलचे पडदे छतापर्यंत रचलेत, दार बंद. जेवणाचं टेबल मात्र स्वच्छ असतं आता, एक टाचणी सापडायची नाही. जेवण मीच गरम करतो. पानं वाढतो. हाक मारतो. परत हाक मारतो. जेवण गार होतं, परत गरम करतो, परत हाक मारतो, आणि शेवटी न राहवून दाराशी जाऊन जिवाच्या आकांतानं ओरडतो, "अगं ए, सोड ते आता!"

काहीही उडत नाही. मशीनची खडखड सुद्धा थांबत नाही. आतून फक्त आवाज येतो, मधात बुडवलेला...

"हो हो, हे काय, उठलेच!"