चिंचेच्या पाण्यातले शिंपले

नाही हो अक्का, तो वास कॉफीचा नव्हे, डिकॉक्शन ताजं आहे — तो फ्रीजमधून येतोय. सोडा ठेवून पाहिला, लिंबू ठेवून पाहिलं, जात नाही. चातुर्मासात कांद्याला न शिवणारं आमचं घर, आणि फ्रीजमध्ये दह्याच्या शेजारी लेकीनं ठेवलेले समुद्रातले मेलेले जीव! सासूबाई असत्या तर फ्रीजसकट मला बाहेर काढलं असतं. बघा, तुम्ही लेकाच्या, अर्णवच्या स्थळाचं बोलायला सर्जापूर रोडवरून एवढ्या ट्रॅफिकमधून आलात, आणि मी काय सांगत बसलेय. घ्या, कोडबळी घ्या.

आमची स्मृती नेमकं काय करते? सगळे हेच विचारतात. बायोडेटात मी ‘शास्त्रज्ञ’ लिहिलं — ‘शिंपले कापते’ लिहिलं तर कोण येणार? माझा जन्म गेला बँकेत, मला कळलंय तेवढं सांगते, चुकलं तर हसा. हे शिंपले ग्रीनलंडच्या खाडीतले. शिंपला स्वल्प स्वल्प वाढतो, थरावर थर. उन्हाळ्यात हिमनदी वितळली की गोडं पाणी खाडीत उतरतं, आणि त्या दिवसांत चढलेल्या थराचं रसायन निराळं होतं. तो थर कोरायचा, मशीनवर तपासायचा — म्हणजे ज्या वर्षी तिथं मोजायला कुणी नव्हतं, त्या वर्षीही बर्फ किती वितळलं याचा अंदाज येतो. मी म्हटलं, “कळून काय करायचंय?” तर म्हणाली, “आई, आत्ता वितळतंय ते नेहमीचं की जास्तीचं, हे आधीचं कळल्याशिवाय कसं सांगू?” सरी, बरं बाई, म्हटलं. मला काय, मी आपली तिच्या शिंपल्यांच्या डब्याला झाकण लावणारी.

सांगू नये खरं, पण सांगतेच. मागच्या महिन्यात तिनं काही शिंपले घरी आणले, पहाटेच्या विमानानं दुसऱ्या प्रयोगशाळेत न्यायला. काळेकुट्ट, माती धरलेले. मला दया आली — तिची नव्हे, शिंपल्यांची! परगावी चाललेत, असे कसे पाठवायचे? चिंचेच्या पाण्यात भिजवले आणि देवाची तांब्याची भांडी घासतो तसे घासले. बुडबुडे आले तेव्हा मला काय वाटलं असेल? मळ निघतोय! इतकी खूश होते की ताटात मांडून तिला दाखवायला नेले. ती ओरडली नाही हो. होती तिथंच खाली बसली. म्हणाली, “आई, नवा थर कडेला चढतो. शेवटचे दोन उन्हाळे तू धुऊन टाकलेस.” पाणी सिंकमध्ये ओतलं होतं मी. तरी वाकून पाहिलं — काय दिसणार होतं, माझं डोकं?

बोलावते की तिला. म्हणजे — ती इंदिरानगरला गेलीय, स्वेटर घ्यायला. हो, जाडच. नाही, बेंगळुरात कशाला लागेल... अय्यो. बोलून बसले.

जातेय ती ग्रीनलंडला. गुरुवारी. नवे शिंपले आणायला एक उन्हाळा म्हणून निघाली होती, तर तिथले लोक म्हणाले, येताच आहात तर तीन वर्षं राहा. माझीच चिंच! लेक जवळ राहावी म्हणून गुरुवार धरणारी मी, आणि तिला उत्तर ध्रुवाकडे धाडणारीही मीच. ती ‘नाही’ कळवणार होती, माझ्याकडे बघून. मीच म्हटलं, जा. तोंडानं म्हटलं आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला, म्हणजे रडणं ऐकू जाऊ नये.

मग तुम्हाला का बोलावलं? अहो, तुमच्या अर्णवचा फोटो पाहिला, वाटलं, एकदा बघेल आणि मन फिरेल. रात्रभर देवाला म्हणत होते, फिरू दे. पहाटे म्हणाले, नको रे बाबा फिरवू. देवानं तरी काय करावं अशा बाईचं? नाही, तिला माहीत नाही तुम्ही येणार ते. रागावू नका. मला विचाराल तर — ठेवून घेऊ नका तिला. मुलगी सोन्यासारखी आहे, पण इथं राहिली तर माझ्यामुळे राहील, आणि मग मला तिच्या तोंडाकडे बघवेल का?

लिफ्ट वाजली. तीच ती. उठा अक्का, उठा, कुंकू लावते. दिसलातच तर अपार्टमेंटच्या मीटिंगचं सांगायला आला होतात म्हणेन. इकडून नको, मागच्या जिन्यानं. सावकाश. या आता.