सखाराम खलाशाचा फणसाचा दरवाजा

...नाही, नाही, तुम्ही बसा, मला बसता येत नाही, मी उभ्यानंच बोलतो! कंबरेत लाथ बसलीय, पाठीत फळी बसलीय, हा डावा डोळा तर उघडतच नाही... आणि का? तर मी, लवू पेंटर, अख्ख्या रत्नागिरीतले नाटकांचे पडदे रंगवणारा, मी लाकूड लाकडासारखं काढलं म्हणून! अहो, मग काय दुधीभोपळ्यासारखं काढायचं होतं?

तुम्हाला सांगतो, हा आमच्या वाडीतला सखाराम, बोटीवरचा खलाशी, रजेवर आला तो घर बांधायचं डोक्यात घेऊनच. म्हणाला, "लवू, पायाभरनीला सगळी वाडी जेवायला येनार. घर कसं होनार ते लोकांना आदीच दिसलं पायजे. पडद्यावर काढ! पन कौल म्हंजे कौल दिसलं पायजे, नि लाकूड म्हंजे लाकूड!" माझ्यापुढे एक मंगलोरी कौल ठेवलं आणि गोठ्याच्या माळ्यावरून फणसाची एक फळी काढून आणली. "दरवाजा ह्या फळ्यांचा होनार. आशीच्या आशी उतरव." उतरवली! पिवडी घोटली, काव घोटली, ओल्या रंगातून तुटका कंगवा ओढून एकेक रेघ उठवली. फळीत एक काळा डाग होता, मधोमध गंजक्या खिळ्याचं टोक, तेही सोडलं नाही! दरवाजा खऱ्या दरवाजाएवढा! नव्या घराच्या कौलांवर थोडं शेवाळसुद्धा टाकलं... ते माझ्या पदरचं.

पायाभरणीला पडदा दोन माडांना बांधला. यमुनाकाकू सखारामाच्या बायकोला "गोदू, आत हायस काय?" अशी हाक मारत थेट दरवाजात शिरली नि कापडात गुरफटली! लोक हसताहेत, मी मिशीला पीळ देतोय, आणि शेजारचा आत्माराम पानावरून उठला. पडद्याजवळ गेला, डागावर उष्टं बोट ठेवलं आणि असा किंचाळला... "ह्यो माज्या फनसाचा खिळा! झाड फळ धरत नव्हतं म्हनून माज्या बापसानं ठोकलेला!"

मेलो! गेल्या शिमग्यात, मागच्या रजेत, ह्याच सखारामाने पोरं घेऊन आत्मारामाच्या घरामागच्या परड्यातला तो फणस तोडला होता, होळीसाठी म्हणून. आत्मारामाने तो घराच्या दरवाजासाठी राखलेला, आजही त्याच्या दाराला फळ्यांऐवजी माडाच्या झावळ्यांचं झाप आहे. पण तो अवाक्षर बोलला नव्हता. शिमग्यात चोरलेलं लाकूड होळीला गेलं म्हणजे देवाला गेलं, त्याची तक्रार कोण करतो? पण ते सखारामाच्या माळ्यावर गेलं तर?

तर काय! आत्मारामाने सखारामाला धरून पंगतीत आडवा केला, आमटीतून भातात, भातातून आमटीत! सखारामाने कुदळीचा दांडा उचलला, आत्मारामाच्या बायकोने, कमळाने, त्याच्या मनगटाचा चावा घेतला, गोदूबाई पळी घेऊन कमळावर धावली... आणि आत्मारामाच्या गुडघ्याखालून सखाराम बोंबलतोय, "आरं, ते खरं लाकूड नाय! लव्यानं मनानं फासलंय! त्याला कुठं येतंय लाकूड काढायला? शेन सारवल्यागत दिसतंय!"

शेण? माझं काम शेण? आत्मारामाची पकड सैल झाली होती हो, गप्प राहिलो असतो तर सगळं निभावलं असतं! पण मी गरजलो, "मनानं? चढा माळ्यावर, आणा ती फळी, ठेवा शेजारी! एक रेघ इकडची तिकडे निघाली तर ब्रश मोडून टाकीन!"

आणली. ठेवली. तंतोतंत! एकाने तरी वाहवा म्हणावं? सखारामाने माझ्या डोळ्यावर गुद्दा हाणला. म्हटलं, आत्माराम तरी मिठी मारील, तर त्याने तीच फळी उचलून माझ्या पाठीत घातली, "माजा फनस रंगवत बसलास नि मला बोल्ला नायस?" अहो, मला काय ठाऊक तो कुणाचा? फळी बोलते काय? वरून गोदूबाईची लाथ, जेवण फुकट गेलं म्हणून! लाकूड लाकडासारखं काढलं, हाच माझा गुन्हा!

फळ्या आत्मारामाकडे गेल्या. पडदा फाटला, तो सखारामाच्या म्हशीच्या अंगावर आहे. आणि मी? मी आता नुसता समुद्र रंगवतो. तो कुणाच्या परड्यातून तोडून आणता येत नाही... काय म्हणालात? समुद्रात एखादी होडी?

नको हो. होडीला लाकूड लागतं.