कोटाच्या काखेतली जन्मतारीख

नाव : ओळखपत्राप्रमाणे. वेगळ्या कागदावर लिहून दिले आहे, कारण ह्या प्रकरणात माझे नाव आधीच फार हातांतून फिरून आले आहे. सगळे मला मास्तरीणबाई म्हणतात.
वय : ५९ वर्षे.
धंदा : शिवणकाम. पुरुषांचे कोट आणि पँट. नुसते आल्टरचे काम घेत नाही.
राहणार : बाजारामागची गल्ली, घड्याळ दुरुस्तीच्या दुकानावर, पहिला मजला.

आज गुरुवार, तारीख १७, दुपारी अडीच वाजता मी आपल्या पायांनी ठाण्यात येऊन, जमादारसाहेबांनी विचारल्यावरून सांगते की,

मी वरील पत्त्यावर यजमान आणि भाची यांच्यासह राहते. यजमान निवृत्त आहेत. भाची विमा कंपनीत नोकरीला आहे. घराखाली, घड्याळाच्या दुकानाशेजारच्या गाळ्यात माझे शिवणकामाचे दुकान बावीस वर्षे भाड्याने आहे. गाळ्याच्या मालकाला तो विकायचा आहे. शनिवारपर्यंत बँकेचे मंजुरीपत्र दाखवले तर गाळा मला, नाहीतर मोबाइलची कव्हरे विकणाऱ्या एका इसमाला, असे त्याने मला तोंडी सांगितले आहे. त्यासाठी मी गेल्या महिन्यात माझ्या एकटीच्या नावाने बँकेत कर्जाचा अर्ज केला.

गेल्या वर्षी मला एका अनोळखी इसमाचा फोन आला होता की तुमचे कार्ड आज बंद होणार आहे, मोबाइलवर आलेला सहा आकडी नंबर सांगा. मी त्याला म्हटले, थांबा, चष्मा आणते. चष्मा सापडेपर्यंत भाची कामावरून आली आणि तिने फोन कापला. चष्मा माझ्या डोक्यावर होता. त्या दिवसापासून भाचीने मला शिस्त लावली. नंबर कोणालाही सांगायचा नाही, देवाचा फोन आला तरी नाही. आणि स्वतःचा क्रेडिट रिपोर्ट स्वतः बघायचा. रिपोर्ट देणाऱ्या चार कंपन्या आहेत, प्रत्येकीचा वर्षातून एकदा फुकट मिळतो. म्हणून मी पाळीपाळीने दर तीन महिन्यांनी एकीचा काढते. यजमान ह्याला खूळ म्हणतात.

सोमवारी, तारीख १४ रोजी, सकाळी साडेनऊला दुकान उघडण्यापूर्वी मी मोबाइलवर रिपोर्ट काढला. त्यात शिलाई मशीनचे जुने कर्ज होते, ते फेडलेले. त्याखाली एक क्रेडिट कार्ड होते. दोन महिन्यांपूर्वी घेतलेले, हप्ता थकलेला. फोन नंबर माझा नाही, पत्ता माझा नाही. नाव आणि जन्मतारीख माझी. मी आयुष्यात क्रेडिट कार्ड घेतलेले नाही. मी दहा मिनिटे कटिंगच्या टेबलावर बसून राहिले. ह्या टेबलावर मी कोणाला बसू देत नाही.

त्यानंतर मी कार्ड कंपनीला फोन केला. नंबर त्यांच्या वेबसाइटवरून घेतला, आलेल्या मेसेजमधून नाही. तेथील मुलीने कार्ड तात्काळ बंद केले आणि झालेले खर्च एकेक वाचून दाखवले, ह्यातले तुमचे कोणते म्हणून. एक मोबाइल. एक जोडी बूट. दोन वेळा हॉटेलातले जेवण. आणि पुलापलीकडच्या टेलरकडे कोटाच्या शिलाईची आगाऊ रक्कम. मी तिला म्हटले, "काय म्हणालात? पुन्हा वाचा." तिने पुन्हा वाचले. माझ्या नावाच्या कार्डावर दुसऱ्या शिंप्याकडे कोट! चोरीपेक्षा हे मला जास्त लागले. जमादारसाहेब म्हणाले की हे जबाबात घ्यायची गरज नाही. मी म्हटले घ्या.

दुपारी बँकेत गेले आणि मॅनेजरसाहेबांना स्वतःहून सगळे सांगितले. ते म्हणाले, थकलेले कार्ड दिसत असताना कर्ज पुढे जाणार नाही. पण कार्ड कंपनीचे चौकशी सुरू असल्याचे पत्र आणि पोलिसांत दिलेल्या जबाबाची प्रत गुरुवारी चार वाजेपर्यंत आणलीत, तर शुक्रवारी मंजुरीपत्र देतो. तेथून मी ह्या ठाण्यात आले. त्या दिवशी ड्यूटीवरच्या साहेबांनी अर्ज लिहून घेतला आणि सांगितले, "बाई, तुम्ही स्वतः काही करू नका. आम्ही बघतो." असे मला स्पष्ट सांगण्यात आले होते, हे खरे आहे.

मंगळवारी सकाळी मी पुलापलीकडच्या मास्तरांकडे गेले. स्वतः काही करायला गेले नव्हते, फक्त बघायला गेले होते. हे मास्तर माझ्या वडिलांच्या हाताखाली शिकलेले, मला ताई म्हणतात. दुकानात हँगरवर कच्च्या टाक्यातला एक कोट लटकत होता. राखाडी, बारीक रेघांचा. मी तो लांबून पाहिला आणि जवळ गेले. डावा खांदा उजव्यापेक्षा पाऊण इंच खाली होता. मी गिऱ्हाइकांची नावे विसरते, मापे विसरत नाही. हा खांदा माझ्या हाताखालून गेलेला होता. त्या गिऱ्हाइकाला मी मनातल्या मनात पाऊण इंचच म्हणते, म्हणून पुढे तसेच लिहावे.

मी मास्तरांना विचारले, कटिंग कशावरून केलेत. ते म्हणाले, गिऱ्हाइकानेच कागदी कटिंग, म्हणजे मापाने कापलेला कागदाचा नमुना, आणून दिले. खिळ्याला टांगलेले होते, ते त्यांनी काढून टेबलावर पसरले. पाठीच्या भागावर माझे ओळखपत्र छापलेले. फोटोसकट. बाहीवर माझ्या उत्पन्नाचा दाखला. काखेच्या गोलाईत माझी जन्मतारीख.

मास्तर म्हणाले, "ताई, मला वाटलं तुम्ही हल्ली कटिंगवर जाहिरात करता."

मी हसायला लागले ते मला थांबता येईना. मास्तरांनी मला स्टुलावर बसवून पाणी दिले.

हे कागद तेथे कसे गेले, ह्याबाबत विचारल्यावरून सांगते. ह्यात चूक माझी आहे. मशीनच्या कर्जाच्या वेळी झेरॉक्सवाल्याने माझ्या कागदांच्या प्रती पुसट काढल्या होत्या, बँकेने त्या परत केल्या. चांगला जाड कागद होता. शिंपी कागद टाकत नाही. मी ते कागद खळीने एकमेकांना जोडून कटिंगसाठी ठेवून दिले. साधारण चार महिन्यांपूर्वी पाऊण इंचाचा कोट शिवताना त्यांतूनच त्याचे कटिंग कापले. कोट नेताना तो म्हणाला, "मास्तरीणबाई, माझी बदली झालीय. तुमच्यासारखा हात दुसरीकडे कुठे मिळणार? निदान कटिंग तरी द्या." मी चाळीस वर्षांत कोणाला कटिंग दिलेले नाही. हाताचे कौतुक केले म्हणून दिले. गुंडाळी करून, वर दोरा बांधून. भाचीने शिकवल्याप्रमाणे मी नंबर कोणाला सांगितला नाही, आणि बाकीचे सगळे अंगच्या मापात कापून चोराच्या हातात दिले. भाचीला हे कळले. तिने कपाळावर हात मारून घेतला.

मास्तरांनी सांगितले की गिऱ्हाईक गुरुवारी अकराला ट्रायलसाठी येणार आहे. कोट त्याला शनिवारी हवाच आहे. मी बुधवारी ठाण्यात येऊन ही वेळ कळवली. साहेबांनी दोन माणसे पाठवतो म्हणून सांगितले. अकराची वेळ होती. माणसे अकरा वाजून पंचवीस मिनिटांनी आली. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. पण मधली पंचवीस मिनिटे कोणी काढली, ते लिहावे लागेल.

पाऊण इंच अकराला बरोबर आला. पायात नवे बूट होते. मला पाहून थबकला. मी म्हटले, "या या! अहो, मास्तरांकडे काम फार आहे, मी हाताखाली आलेय. बदली रद्द झाली वाटतं?" तो म्हणाला, "हो, म्हणजे, झाली तशी." घाम त्याच्या मानेवर होता, मला मागून दिसत होता. तो निघायच्या बेतात आहे असे वाटल्यावरून मी कोट त्याच्या अंगात घातला. अर्ध्या कोटातला माणूस पळत नाही, हा माझा अनुभव आहे. कोट कितीही कच्चा असो, आरशासमोर उभा केला की माणूस पोट आत घेतो आणि उभा राहतो.

मग मी टाचण्या लावायला सुरुवात केली. आधी खांदा. मग पाठ. तो म्हणाला, जरा घाई आहे. मी म्हटले, "हात खाली सोडा बरं. अगदी सैल." त्याने हात सोडले. तेव्हा मी सुई घेतली आणि दोन्ही बाह्या कोपरापासून मनगटापर्यंत कोटाच्या कडेला शिवून टाकल्या. धागा दुपदरी, टाका बारीक. मास्तर समोर उभे राहून "लांबी छान बसलीय, लांबी छान बसलीय" एवढेच म्हणत होते. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होते, पण आवाज हलला नाही. मी कोणत्याही प्रकारे बळाचा वापर केलेला नाही. फक्त फिटिंग केले.

त्याचा फोन वाजला. घ्यायला हात उचलू गेला तर सगळा कोटच वर आला. त्याने आरशात माझ्याकडे पाहिले. मी म्हटले, "माझी जन्मतारीख काखेत टोचत तर नाही ना?" ठाण्याची माणसे आली, तेव्हा हाताला बेडी घालायची कशी हा प्रश्न पडला. मी उसवून देऊ का विचारले. ते म्हणाले, राहू द्या, असेच नेतो. कोट पंचनाम्यात जप्त आहे. आपण तो बघितला असेलच. टाका सरळ आहे.

कार्ड माझ्या नावे त्यानेच काढल्याचे त्याने माझ्या आणि मास्तरांच्या समक्ष कबूल केले. त्याला विचारण्यात आले, हिचेच नाव का वापरले. तो म्हणाला, "आधी माझ्या स्वतःच्या नावाने अर्ज केला होता. नाकारला. बाईंच्या नावाने लगेच मिळालं."

हे त्याचे शब्द जसेच्या तसे लिहावेत अशी माझी विनंती आहे. कारण मी कर्जाचा अर्ज केला, तेव्हा यजमान म्हणाले होते, "तुझ्या नावाला कोण विचारणार? माझ्या नावावर घे." ते वाईट मनाने म्हणाले नव्हते. घर त्यांच्या नावावर आहे, विजेचे बिल त्यांच्या नावावर आहे, गॅसही. मीही छत्तीस वर्षे तसेच समजत होते. यजमान आत्ता बाहेर बाकावर बसले आहेत. दार उघडे आहे, त्यांना ऐकू जात आहे.

माझी वरील इसमाविरुद्ध कायदेशीर तक्रार आहे. त्याला शिक्षा व्हावी. मात्र माझ्या नावाला किंमत आहे हे ओळखणारा पहिला माणूस तो निघाला, हेही खरे आहे. दुसरी बँक. यजमानांचा नंबर तिसरा लागतो.

जबाब संपल्यावर प्रत घेण्यासाठी यजमान आत आले आणि म्हणाले, "द्या इकडे, मी सांभाळतो." जमादारसाहेब म्हणाले, प्रत जिची तिलाच मिळेल. यजमानांनी पुढे केलेला हात मागे घेतला. मग मला म्हणाले, "चल, चारला वीस कमी आहेत. तू पुढे हो, मी मागून येतो."

वरील मजकूर जमादारसाहेबांनी मोठ्याने वाचला. मी सांगितले तेवढेच त्यात आहे, सांगताना मी मध्ये मध्ये हसले ते त्यांनी वगळले आहे. प्रत मिळाली, कार्ड कंपनीचे पत्र कालच आले, ते पिशवीत आहे. बँक चालत पंधरा मिनिटांवर आहे, मी धावत जाणार आहे. खाली केलेली सही माझी आहे आणि ती मीच केली आहे.