चिकपेटेतला म्हातारा

सायकलचं कौतुक मला सांगू नका. पुण्याहून बंगलोरपर्यंत मी रोज दिवसभर पायडल मारत गेलोय, आणि संध्याकाळी मुक्कामाच्या गावी नकलांचा कार्यक्रम केलाय. शेवटी बंगलोरातल्या चिकपेटेत पोचलो तेव्हा गुडघे वाकत नव्हते. नकला केल्या, लोक बेताचेच हसले. कार्यक्रम संपवून नमस्कार केला आणि भिंतीला धरून रंगमंचाच्या पायऱ्या उतरायला लागलो, तर अख्खं सभागृह पोट धरून हसायला लागलं. तिथल्या मराठी मंडळाचे चिटणीस धावत आले.

"अण्णा, हा म्हातारा फार झकास. स्वल्प परत करा की."

"त्यासाठी मला कालच्या मुक्कामावरून, तुमकूरहून, पुन्हा सायकलवर यावं लागेल."

यावर तर टाळ्याच पडल्या. मग काय, पायऱ्या परत चढलो.